मोजून चार सेकंद

जुलै 2023 चा शेवटचा आठवडा. 22 तारखेला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर 45 माणसं पुरात अडकली होती आणि त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली होती. त्यानंतर पाणी ओसरलं, पण ओल काही जाईना. भिंती ओल्या, माचीस ओली, खिशातला सातबारासुद्धा दमट. त्यातच एक रुपयात पीकविम्याचं ते पहिलं वर्ष, अन् मुदत 31 जुलै. (पुढे ती 3 ऑगस्टपर्यंत वाढली, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘पुढे’ कुठे दिसतं?)

महागावातल्या एका सेवा केंद्रात आम्ही पंधरा-वीस जण आधार कार्ड, पासबुक आणि पीकपेऱ्याचा कागद धरून बसलो होतो. दुपारी लाइट गेली, अर्ध्या तासानं आली. केंद्रवाल्या पोरानं कॉम्प्युटरचं बटन दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडद्यावर काही उमटायच्या आत सगळं थंड. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झाल्यावर त्यानं मेकॅनिकला फोन लावला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, “एका अर्जामागे मला 40 रुपये भेटतात. आज बंद राह्यलं तर माझी दिवाळी जाईन.”

रांगेत माझ्या शेजारी एक काका होते. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. महावितरण नाव पडून 18 वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च. मेकॅनिक आला तो पंचविशीचा, पाठीवर सॅक, रेनकोटातून पाणी गळतंय. पुढच्या दीड तासात या दोघांत जे बोलणं झालं, ते मी जमेल तसं टिपून ठेवलं. मध्ये मध्ये माझी मतं घुसली आहेत, ती ओळखू येतीलच.

मेकॅनिकनं सॅकमधून आधी पेचकस काढला, मग एक डबा. डब्यात वापरलेला पण चालू एसएमपीएस, म्हणजे विजेच्या तारेतले 230 व्होल्ट घेऊन कॉम्प्युटरला 12, 5 आणि 3.3 व्होल्ट वाटून देणारी पेटी.

“एसएमपीएस गेला असेल. हा लावून पाहतो. चालला तर सहाशे-सातशेचं काम.”

काका खुर्चीतूनच बोलले, “पाह्याच्या आधीच गेला?”

“काका, दहातले सहा एसएमपीएसच असतात.”

“अन् राह्यलेले चार?”

“ते मग पाहू.”

“मंग तू डॉक्टर नाई झाला पोरा, तू औषधाचा दुकानदार झाला.”

रांग हसली. मेकॅनिक हसला नाही. त्याला लागलं असावं, कारण तो पेचकस खाली ठेवून वळला.

“काका, तुम्ही लाइनवर होता ना? डीपी जळाली तर तुम्ही उघडून कॉइल तपासत होते, की दुसरी डीपी आणून बसवत होते?”

“दुसरी बसवत होतो. पण जळाली हे पाहून बसवत होतो. अन् काहून जळाली हे पाह्यल्याशिवाय बसवली तं तीही जळत होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे, एका हप्त्यात दोन.”

इथे मला काकांचं पटलं. शॉर्ट झालेल्या मदरबोर्डवर नवा एसएमपीएस लावला, तर नशीब चांगलं असेल तर तो स्वतःला बंद करून घेतो, वाईट असेल तर तोही जातो. पण मेकॅनिकचं म्हणणं पुढे ऐकलं तेव्हा मी पुन्हा हललो.

“काका, निदानाचे पैसे कोणी देते का? मी दोन तास बसून सांगितलं की बोर्डावरचा एक कपॅसिटर फुगला आहे, तर गिऱ्हाईक म्हणते, बरं, त्याचे दहा रुपये घे. अन् पाच मिनिटांत पेटी बदलली तर सातशे देते, वरून चहा पाजते. मग मी काय शिकीन?”

याला उत्तर नव्हतं. काकांनीही दिलं नाही. आपण सगळेच वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. आणि मग दुरुस्तीवाले विचार करत नाहीत म्हणून कुरकुरतो.

मेकॅनिकनं एसएमपीएसची मोठी चोवीस पिनांची वायर बोर्डातून उपटली. मग एक पेपरक्लिप सरळ करून हिरव्या वायरच्या आणि शेजारच्या काळ्या वायरच्या भोकात घातली. स्विच टाकला. एसएमपीएसचा पंखा फिरायला लागला आणि फिरतच राहिला.

काका उठून जवळ आले. “हे काय केलं?”

“ही हिरवी वायर म्हणजे हुकूम. बटन दाबलं की बोर्ड हिला जमिनीला जोडतो, म्हणजे एसएमपीएसला सांगतो, ‘चालू हो’. आता बोर्डाऐवजी मी सांगितलं.”

“म्हणजे लाइन वेगळी करून नुसता सबस्टेशन चार्ज केला.”

“असंच समजा.”

“मंग सबस्टेशन तं टिकलं. फॉल्ट लाइनवर आहे. नवी पेटी लावतो कायले?”

“नाही काका. बिनलोडाचा एसएमपीएस चालतो, लोड आल्यावर दम सोडतो. असे मी किती तरी पाहिले. म्हणून बदलूनच पाहाचं. बदलून जे कळतं ते पक्कं कळतं.”

त्याचं हेही खरं होतं. खात्रीचा सुटा भाग लावून पाहणं ही आळशी माणसाची युक्ती नाही. ज्याच्याकडे महागडी यंत्रं नाहीत त्याची ती प्रयोगशाळा आहे. त्यानं आपला एसएमपीएस जोडला, मोठी वायर खोचली, प्रोसेसरजवळची चार पिनांची पिवळी-काळी वायर खोचली, बटन दाबलं.

पंखा फिरला. काका मोठ्यानं मोजू लागले, “एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, एक हजार चार...”

बंद.

“चार,” काका म्हणाले.

“मोजून काय होईल?”

“अरे बाबू, आमच्या नोकरीत दुसरं होतंच काय? फीडर उडाला का पहिले पाहाचं, किती वेळ टिकला. ट्रायल घेतल्याबरोबर उडाला तं कुठी तरी तार पडली, नाईतं इन्सुलेटर फुटला. अर्धा घंटा टिकून उडाला तं लोड जास्त. रोज एका ठरल्या वेळेले उडत असन तं मोटरा. पावसाची सर आली का उडते तं झाडाची फांदी. घड्याळ पाह्यलं का निम्मं पेट्रोलिंग वाचते. रात्रीचं, चिखलातून, बॅटरी घेऊन चार कोस चालाचं असलं ना, का माणूस मोजाले शिकते.”

मेकॅनिकला आता गंमत वाटू लागली असावी. त्यानं हात पुसले.

“बरं. मग माझं घड्याळ ऐका. बटन दाबलं, पंख्यानं अर्धा फेरा मारला न मारला तोच बंद, तर शॉर्ट. बोर्डाखालचा पितळी खिळा चुकीच्या जागी बसला, समोरच्या यूएसबीच्या तोंडातली पट्टी वाकली, नाहीतर एसएमपीएसमध्ये पाल जाऊन बसली.”

“पाल?”

“हो ना. थंडीत ऊब शोधत जाते. सापळा काढला आहे मी. एसएमपीएस हुशार असतो काका. व्होल्टेज जागेवर बसले की तो बोर्डाला एका राखाडी वायरवरून ‘सगळं ठीक’ म्हणून कळवतो, अर्ध्या सेकंदाच्या आत. ठीक नसलं तर कळवत नाही आणि स्वतःच दुकान बंद करतो.”

“मिनिटभरानं बंद झालं तं?”

“गरमी. प्रोसेसरवरचा हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो बऱ्याच मशिनींत. एक पीन उचकटली की तो एका बाजूनं तरंगतो. मग प्रोसेसर शंभर अंशांकडे जातो, आधी हळू होतो, तरी नाही भागलं तर बंद. मधली पेस्ट वाळून खडू झाली तरी तेच. अन् आपल्या भागात तर कापूस.”

“कापसाचा काय संबंध?” हा मी विचारलेला प्रश्न.

“दिवाळीनंतर भाव येईपर्यंत लोक कापूस घरात भरून ठेवतात ना? एका घरी त्याच खोलीत पोराचा कॉम्प्युटर. रोज दहा मिनिटांनी बंद पडे. हीटसिंक उघडला, तर पंख्याखाली गादी. बोटानं सोलून काढली, रजईतून काढावी तशी. एक रुपयाचा पार्ट लागला नाही.”

“अन् पैसे किती घेतले?” काकांनी लगेच पकडलं.

“पन्नास. अन् ‘फक्त फुंकर मारली’ म्हणून त्यांनी गावभर सांगितलं.”

काका गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं, विंडोजची खिडकी दिसाले लागली अन् मंग बंद?”

“तेव्हा लोड वाढतो. एसएमपीएस म्हातारा झाला असला, कपॅसिटरची डोकी फुगली असली की तिथं मान टाकतो. 2000 सालानंतर काही वर्षं जगभर वाईट कपॅसिटर आले होते, त्या काळच्या बोर्डांत अजून दिसतात, वर टोपी फुगलेली. अन् स्वतःच चालू, बंद, चालू, बंद असा खेळ करत असेल तर रॅम, नाहीतर बायोस.”

“हे सारं तुले ठाऊक आहे,” काका हळू आवाजात म्हणाले, “अन् तू आल्याआल्या डबा काढला.”

मेकॅनिक पाहतच राहिला. रांगेतला एक जण म्हणाला, “काका, त्याले काम करू द्या, आमचे फॉर्म राह्यले.” तेही बरोबर होतं. वादात मजा ज्याला वेळ आहे त्याला.

त्यानंतरचा अर्धा तास काकांचा नव्हता. त्यांनी ठाम सांगितलं की हा सगळा व्होल्टेजचा खेळ आहे; पूर ओसरल्यापासून सगळ्या मोटरा एकदम सुरू झाल्या आहेत आणि गावठाणाच्या लाइनीत दम नाही. मेकॅनिकनं मीटर लावलं. 188.

“188!” काकांचा चेहरा उजळला. “सांगतलं होतं का नाई?”

“बरेच एसएमपीएस 180 पर्यंत सहन करतात काका.”

“सहन करते अन् खुशीनं चालते, यात फरक आहे.”

मेकॅनिकनं वाद घातला नाही. त्यानं शेजारच्या दुकानातल्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. मीटर 220 दाखवू लागलं. बटन दाबलं. आम्ही सगळेच आता मनात मोजत होतो.

चार. बंद.

“हं,” काका म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. अर्थिंगबद्दल ते काही बोलणार होते, तो शब्द त्यांनी गिळला, हे मी पाहिलं.

मध्येच केंद्रवाल्या पोराला वाटलं, जुन्या एसएमपीएसमधून काही तरी जळकट वास येतोय. तो त्याचे चार स्क्रू काढायला लागला. आणि तेव्हा, दुपारभरात पहिल्यांदा, काका आणि मेकॅनिक एकाच वेळी एकच शब्द ओरडले, “नको!”

“वायर काढली आहे ना,” पोरगा म्हणाला.

“काढली असली तरी आत साठवलेलं असतं,” मेकॅनिक म्हणाला. “तारेतले 230 आत गेल्यावर सरळ करून 325 च्या आसपास होतात अन् मोठ्या कपॅसिटरमध्ये बसून राहतात. बोट लागलं तर फेकून देईल.”

“आम्ही मेल्या तारेलेही पहिले डिस्चार्ज रॉड लावत होतो,” काका म्हणाले. “मेलेली तार मेली असतेच असं नाई. कॉम्प्युटर उघड, धूळ काढ, रॅम पूस, सारं कर. ही पेटी नाई उघडाची.”

रांगेत कुणीतरी फुलसावंगीचं नाव काढलं. सगळे क्षणभर गप्प झाले. महागाव तालुक्यातलंच गाव. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट 2021 मध्ये, तिथल्या एका तरुण वेल्डरनं स्वतः बांधलेलं हेलिकॉप्टर सुरू करून पाहताना पातं तुटलं, ते त्याच्या डोक्यावर बसलं आणि तो गेला. आठवीपर्यंत शिकलेला पोरगा. मारुती 800 चं इंजिन बसवलं होतं त्यानं.

“हुशार होता,” मेकॅनिक म्हणाला. “आपल्यासारखे शंभर ओवाळून टाकावे असा.”

“होता ना,” काका म्हणाले. “त्याच्या मशिनीले थांबाचं कळत नव्हतं, एवढंच. हे डबडं पाह्य, याले काही नाई जमलं का हे स्वतःले बंद करते. आपण म्हणतो बिघडलं. ते बिघडलं नाई, ते बंद *झालं* नाई, त्यानं बंद *केलं* आहे. कुणी तरी आत बसून ठरवलं आहे का आता पुरे. आपल्याले एवढंच शोधाचं आहे का कुणी ठरवलं.”

मी हे वाक्य जवळच्या कागदावर, माझ्या पीकपेऱ्याच्या स्वयंघोषणापत्राच्या मागे, लिहून घेतलं. (ते पत्र नंतर स्कॅन झालं. मागची बाजू कुणी पाहिली नाही.)

मेकॅनिक एक एक गोष्ट काढत गेला. हार्डडिस्कची वायर काढली. डीव्हीडी ड्राइव्ह काढला. तो बऱ्याच दिवसांत कुणी वापरलाच नव्हता. रॅमच्या दोनपैकी एक पट्टी काढली, दुसरीच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, पुसून परत बसवली.

“हे खोडरबर मले पटलं,” काका म्हणाले. “आम्ही जंपर पॉलिश पेपरनं घासत होतो.”

“पण पाहा काका, इथंच गंमत होते. पट्टी काढून लावली अन् मशीन चालू झाली, तर माणूस म्हणतो रॅम खराब होती, नवी टाका. खरं तर नुसतं काढून लावल्यानं संपर्क झालेला असतो.”

“म्हणजे तू कबूल करतो का बदलून जे कळते ते पक्कं नसते?”

मेकॅनिक हसला. पहिल्यांदाच. “अर्धं कबूल.”

बटन दाबलं. एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, एक हजार चार. बंद.

प्रोसेसरच्या हीटसिंकच्या चारही पिना त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिल्या, घट्ट होत्या. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली, दोन मिनिटांनी घातली. बटन दाबलं.

चार. बंद.

बाहेर पुन्हा सर आली. पत्र्यावर आवाज इतका झाला की मोजणं ऐकू येईना. पण काकांची बोटं मांडीवर चालूच होती. सर थांबली तेव्हा ते उठले आणि मेकॅनिकच्या शेजारी उकिडवे बसले. सत्तरीच्या गुडघ्यांनी हे करणं सोपं नसतं.

“बाबू, एक विचारू? रागावू नको. पेटी बदलली, चार. इन्व्हर्टर लावला, चार. डिस्क काढली, चार. रॅम काढली, चार. बॅटरी काढली, तरी चार. साडेतीन नाई, पाच नाई.”

“हो ना. तेच तर.”

“मी पस्तीस वर्षं फॉल्ट शोधले. फॉल्ट असा टायमाचा पक्का नसते रे. गरमीचा फॉल्ट असता तं दुसऱ्या वेळी लवकर उडाला असता, कारण आधीच तापलेलं असते. ओलीचा असता तं कधी टिकला असता, कधी नसता. फॉल्ट हा दारुड्यासारखा असते, येईन तेव्हा येईन. हे चार म्हणजे फॉल्ट नाई. हा कुणाचा तरी *नियम* आहे. तुमच्या कॉम्प्युटरात चार सेकंदाचा नियम कुठी आहे, ते तुले ठाऊक असन. मले नाई.”

मेकॅनिक काही बोलला नाही. त्याचा हात बटनाकडे गेला आणि हवेतच थांबला. मग त्यानं कपाळाला हात लावला, असा की चापट बसल्याचा आवाज आला.

“काका, कॉम्प्युटर हँग झाला की आपण काय करतो?”

“मले काय माहीत?”

“बटन दाबून धरतो!” केंद्रवाला पोरगा ओरडला.

“किती वेळ?”

“चार...” आणि तो थांबला.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हल्लीच्या कॉम्प्युटरचं बटन हे दिव्याच्या खटक्यासारखं वीज तोडत-जोडत नाही. ते बोर्डाला नुसती सूचना देतं. 1995 च्या सुमारास एटीएक्स पद्धत आली तेव्हापासून हे असं आहे. एकदा टिचकी मारली की ‘सुरू हो’. आणि दाबून धरलं, साधारण चार सेकंद, तर ‘काहीही चालू असलं तरी टाक बंद करून’. अडकलेल्या मशीनला मारायची ती शेवटची चापट. रोज वापरतो आपण ती.

मेकॅनिकनं टॉर्च लावून कॅबिनेटच्या तोंडाशी वाकून पाहिलं. नखानं बटन दाबलं आणि सोडलं. प्लॅस्टिकचं बटन आत गेलं आणि आतच राहिलं. मग, दोन-चार श्वासांनी, अगदी सावकाश, बाळंतिणीसारखं उठत, वर आलं. ओलीनं, धुळीनं आणि रोज वीस वेळा लाइट जाऊन आल्यावर दाबून दाबून त्याची स्प्रिंग गेली होती. आम्ही दुपारभर एकाच हातानं ‘सुरू हो’ आणि ‘बंद पड’ असे दोन्ही हुकूम देत होतो, आणि मशीन दोन्ही इमानेइतबारे पाळत होतं.

पुढचं पाच मिनिटांचं होतं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्या बटनांच्या बारीक वायरी येतात. त्यातली पॉवर बटनाची दोन पिनांची वायर त्यानं उपटली. उघड्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं आणि उचललं. पंखा फिरला.

एक हजार चार. एक हजार पाच. एक हजार नऊ. पडद्यावर अक्षरं आली. रांगेतून “हाव!” असा आवाज उठला, जसा लाइट आल्यावर गावातून उठतो.

“नवं बटन पुसदहून आणावं लागेल का?” पोरानं विचारलं.

“नाही.” मेकॅनिकनं शेजारची रिसेट बटनाची वायर काढली आणि पॉवरच्या पिनांवर खोचली. “रिसेट कोणी दाबत नाही. कोरं आहे. आजपासून हेच तुझं पॉवर बटन. हुकूम कुठल्या बटनातून येतो हे बोर्डाला कळत नाही.”

मग ते दोघं पुन्हा भांडले, ते मी मुद्दाम सांगतो; वाद मिटला असं वाटायला नको.

“पाह्यलं? मोजल्यानं सापडलं,” काका म्हणाले.

“नाही काका. मोजल्यानं एवढंच कळलं की बाकी काही नाही. एवढं सारं बदलून पाहिलं म्हणून चार हा पक्का नियम आहे हे दिसलं. पहिल्या वेळीच चार मोजून तुम्ही सांगितलं असतं का? तेव्हा तर तुम्ही व्होल्टेज म्हणत होता.”

“तू पेटी म्हणत होता.”

“मी तर अजूनही म्हणेन. पुढच्या वेळी दहातले सहा एसएमपीएसच असतील.”

“अन् मी पुढच्या वेळीही पहिले मोजीन.”

माझं मत विचाराल तर मी काकांच्या बाजूनं झुकतो, पण थोडाच. काकांकडे घड्याळ होतं. त्या चारचा अर्थ मात्र मेकॅनिककडे होता, आणि तो त्यानं दहा हजार वेळा वापरलेला असल्यामुळेच त्याला दिसत नव्हता. मला राहून राहून वाटतं ते आणखी एक: ज्या बटनाला आम्ही दुपारभर बोट लावत होतो, त्याच्याकडे एकदाही कुणी पाहिलं नाही. आत पाहत होतो सगळे.

मग पैशाचा प्रश्न आला.

“किती झाले भाऊ?” केंद्रवाल्यानं विचारलं.

मेकॅनिकनं आपला एसएमपीएस डब्यात ठेवला, डबा सॅकमध्ये. “पार्ट तर काही लागला नाही...”

“मग पन्नास घ्या,” पोरगा चटकन म्हणाला. तासाभरापूर्वी हाच सातशे द्यायला तयार होता.

काका काही बोलतील असं वाटलं होतं. ते बोललेही. “तीनशे दे त्याले,” ते म्हणाले. “पेटी बदलली असती तं चारशे जास्त गेले असते अन् मशीन चालू झाली नसती.” पोरानं जरा घासाघीस केली, अडीचशे दिले. मेकॅनिकनं त्यातले काही परत करायला हात पुढे केला, काकांनी तो हात धरून खिशाकडे वळवला.

माझा सोयाबीन आणि कापसाचा अर्ज संध्याकाळी सात चाळीसला गेला. मागच्या महिन्यात त्याच केंद्रात गेलो होतो. कॅबिनेट तेच आहे. मोठ्या बटनावर चिकटपट्टी लावली आहे, त्यावर बॉलपेननं लिहिलंय, ‘इथं दाबू नये’. खालच्या बारक्या बटनावर लिहिलंय, ‘चालू’. चालू आहे.